सावकाराला मर्यादा आहे, ॲपला का नसावी?

मोबाइलवरून कर्ज घेऊन अडचणीत आलेल्या माणसाविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, तिचा रोख बहुधा त्या माणसाकडेच असतो. त्याने अटी वाचल्या नाहीत, अनोळखी ॲपवर विश्वास ठेवला, ऐपत नसताना कर्ज काढले, असे म्हणून विषय मिटवला जातो आणि उपाय म्हणून आर्थिक साक्षरतेचे एखादे शिबिर सुचवले जाते. धर्मविचार आणि अर्थव्यवहार यांची सांगड घालणारे लेखनही बहुतेक वेळा याच वाटेने जाते: हाव धरू नये, अंथरूण पाहून पाय पसरावेत, जमेल तितके दान करावे. माझे म्हणणे निराळे आहे. हिंदू, बौद्ध आणि शीख परंपरांत धनव्यवहाराचा जो गंभीर विचार झाला आहे, तो घेणाऱ्याइतकाच, किंबहुना त्याहून कठोरपणे, देणाऱ्याला आणि वसुलीची यंत्रणा उभारणाऱ्याला जाब विचारतो. डिजिटल वित्ताला या मूल्यांचा उपयोग व्हायचा असेल, तर ती मूल्ये नियमांच्या भाषेत उतरली पाहिजेत. भिंतीवरच्या सुविचारांपुरती राहिली तर त्यांचा उपद्रव नाही आणि उपयोगही नाही.

सोलापुरात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. पूर्व भागातील यंत्रमागावर चादर आणि टॉवेल विणणारा कामगार आठवड्याच्या पगारावर घर चालवतो. विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते आणि पान-तंबाखू कमी मिळाली की त्या आठवड्याची सगळी जुळणी कोलमडते. अशा घराची नड मोठी नसते. शाळेची फी, दवाखाना, लग्नातला आहेर, इतक्यासाठी तीन-पाच हजार रुपये हवे असतात. पूर्वी ती नड भिशीतून, बचत गटातून, नाहीतर खाजगी सावकाराकडून भागत असे, आणि त्या सावकारीने या जिल्ह्यात किती घरे बसवली हे नव्याने सांगायला नको. आता तेवढेच पैसे मोबाइलवर काही मिनिटांत मिळतात. फरक असा की सावकाराचे घर सर्वांना ठाऊक असते. ॲपच्या मागे नेमका धनको, म्हणजे कर्ज देणारा, कोण, हे ऋणकोला, म्हणजे कर्ज घेणाऱ्याला, पुष्कळदा शेवटपर्यंत कळत नाही.

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२१ मध्ये डिजिटल कर्जांच्या अभ्यासासाठी कार्यगट नेमला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात आलेल्या त्याच्या अहवालानुसार भारतातील वापरकर्त्यांना उपलब्ध असलेल्या सुमारे अकराशे कर्ज-ॲपांपैकी सुमारे सहाशे बेकायदा होती. त्यानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आली. कर्जाची रक्कम थेट ऋणकोच्या बँक खात्यात जमा व्हावी, सर्व शुल्क धरून वार्षिक खर्चाचा दर आधी सांगावा, काही काळात दंड न भरता कर्ज परत करण्याची मुभा असावी, ॲपने फोनमधील नावांची यादी आणि छायाचित्रे यांना हात लावू नये, असे नियम त्यात होते; २०२५ मध्ये त्यांची जागा घेणाऱ्या निर्देशांतही ते आहेत. हे काम चांगले झाले, आणि त्याचे श्रेय नियामकाला दिले पाहिजे. तरीही या सगळ्या नियमांत एक प्रश्न मोकळा राहिला आहे: जास्तीत जास्त किती घ्यावे? आज उत्तर असे आहे की घ्यायचे ते घ्या, मात्र आधी सांगून घ्या.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, पाच हजारांचे कर्ज मंजूर झाले, प्रक्रिया शुल्क म्हणून दीड हजार आधीच कापून हातात साडेतीन हजार आले, आणि सात दिवसांत पाच हजार परत करायचे आहेत. बेकायदा ॲपांची पद्धत साधारण अशीच असते. एका आठवड्याला हा भार सुमारे ४३ टक्के पडतो. वर्षाला सरळ व्याजाने २,२०० टक्क्यांच्या वर जातो. आठवड्याने पैसे जमले नाहीत म्हणून दीड हजार भरून मुदत वाढवली आणि असे तीन आठवडे चालले, तर हातात आलेल्या रकमेहून अधिक पैसा केवळ मुदतीपायी जातो आणि पाच हजारांचे देणे जसेच्या तसे उभे राहते.

आपल्या धर्मशास्त्रात याला आडवा येणारा एक नियम होता. दामदुपट. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक होऊ नये, म्हणजे देणे दुपटीच्या पुढे जाऊ नये, ही मर्यादा मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आहे आणि इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनी ती हिंदू ऋणकोंच्या बाबतीत प्रत्यक्ष लागूही केली. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यातही ती आहे. त्या कायद्याखाली राज्य सरकारने ठरवलेल्या दरांनुसार परवानाधारक सावकाराला बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांहून अधिक व्याज घेता येत नाही. मात्र मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळ आणि गुजरात यांच्या सावकारी कायद्यांसंबंधीच्या प्रकरणात निकाल दिला की रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या बिगरबँक वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत. कायद्याच्या दृष्टीने निकाल सुसंगत असेल. त्याचा व्यवहारातला परिणाम असा की गल्लीतल्या परवानाधारक सावकाराला दामदुपटीचे बंधन आहे आणि वित्त कंपनीच्या आधाराने चालणाऱ्या ॲपला ते नाही. ज्याच्याकडे भांडवल अधिक, माहिती अधिक आणि वसुलीची साधने अधिक, त्याच्यावर बंधन कमी, अशी ही उलटी रचना आहे.

जुन्या नियमाचे गोडवे गाताना त्याच्या पळवाटाही सांगितल्या पाहिजेत. दामदुपट एका वेळी थकलेल्या व्याजापुरती होती. आधी वेळोवेळी भरलेले व्याज तिच्यात मोजले जात नसे, आणि थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे कर्जखत लिहून घेतले की हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. आजच्या ॲपांची मुदतवाढ नेमक्या याच फटीतून निघते. म्हणून नवी मर्यादा घालायची झाल्यास ती व्याज, शुल्क आणि दंड एकत्र धरून, आणि मुदतवाढीच्या साऱ्या साखळीवर मिळून, घातली पाहिजे. हे अव्यवहार्य आहे असे म्हणणाऱ्यांनी ब्रिटनकडे पाहावे. तेथील वित्त नियामकाने २ जानेवारी २०१५ पासून अल्पमुदतीच्या महागड्या कर्जांवर दिवसाला ०.८ टक्के अशी कमाल मर्यादा घातली आणि सगळा भार मिळून मुद्दलाच्या १०० टक्क्यांपुढे जाणार नाही असे ठरवले. आपल्या स्मृतिकारांचे नावही न घेता लंडनने दामदुपट स्वीकारली, आणि आपण मात्र ती राज्याच्या सावकारांपुरती ठेवून बाकीच्यांना मोकळे सोडले.

परंतु ज्या आठव्या अध्यायात दामदुपट आहे, त्याच अध्यायात, काही श्लोक आधी, व्याजाचे दर वर्णानुसार सांगितले आहेत: ब्राह्मणाकडून महिन्याला शेकडा दोन, क्षत्रियाकडून तीन, वैश्याकडून चार आणि शूद्राकडून पाच. जो सर्वांत दुबळा, त्याला कर्ज सर्वांत महाग. हिंदू मूल्यांच्या आधारे नैतिक वित्ताविषयी लिहिणारे अनेक जण हा श्लोक वगळून पुढे जातात, आणि तिथेच त्यांचा युक्तिवाद पोकळ होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला या ग्रंथाचे दहन झाले, ते अशाच विषमतेच्या विरोधात होते. परंपरेतले काय घ्यायचे आणि काय टाकायचे याची कसोटी परंपरेच्या वयावर ठरत नाही. दुर्बलाचे रक्षण करणारा नियम घ्यावा आणि त्याला अधिक लुबाडणारा टाकावा, इतके तारतम्य ठेवल्याशिवाय ‘आपली मूल्ये’ हा शब्दप्रयोग मी तरी वापरणार नाही.

हा श्लोक इतिहासजमा झाला असता तर त्यावर इतके थांबायचे कारण नव्हते. आजचे पतमापन, म्हणजे कर्ज मागणाऱ्याची ऐपत जोखण्याचे काम, संगणकाच्या गणितावर चालते. गणिताला जात विचारायची गरज पडत नाही. त्याला पिनकोड ठाऊक असतो, फोन कोणत्या बनावटीचा आहे हे कळते, पगार महिन्याला येतो की तुटक तुटक जमा होतो हे दिसते. सोलापूरसारख्या शहरात, जिथे वस्ती, धंदा आणि समाज पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांत गुंतलेले आहेत, तिथे पिनकोड पाहून दर ठरवणे म्हणजे बऱ्याच अंशी समाज पाहून दर ठरवणे होऊ शकते, आणि तसे करण्याचा कोणाचा हेतूही असावा लागत नाही. जोखीम जास्त म्हणून दर जास्त, हे उत्तर अर्धेच खरे आहे, कारण सात दिवसांची मुदत आणि आगाऊ कापलेले शुल्क हीच जोखमीची मोठी कारणे असतात. रिझर्व्ह बँकेच्या समितीने ऑगस्ट २०२५ मध्ये वित्तक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी सात सूत्रे सुचवली. त्यांत न्याय्यता आहे, उत्तरदायित्व आहे, निर्णय समजण्याजोगा असावा हेही आहे. पण आवर घालण्यापेक्षा नवनिर्मितीला प्राधान्य द्यावे असेही एक सूत्र आहे. ज्या देशातील तिन्ही जुन्या परंपरा संयमाला सद्गुण मानतात, तिथे संयमाला मागच्या बाकावर बसवणारे सूत्र यावे हे मला खटकते.

बौद्ध विचार या प्रश्नात सर्वांत नेमका वाटतो, कारण त्यात कर्जाच्या दुःखाची उतरंडच सांगितली आहे. अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथातील इणसुत्तात (ऋणाविषयीच्या उपदेशात) गृहस्थाच्या बाबतीत क्रम असा येतो: दारिद्र्य, मग ऋण, मग व्याज, मग तगादा, मग पाठलाग, मग बंधन. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीचे दुःख वाढवते. सुत्ताचा रोख पुढे आध्यात्मिक दारिद्र्याकडे वळतो, हे खरे; पण दृष्टान्त म्हणून जे वर्णन आले आहे ते आजच्या ॲप-वसुलीला तंतोतंत लागू पडते. तगादा म्हणजे दिवसभराचे फोन, पाठलाग म्हणजे नातेवाइकांना आणि मालकाला गेलेले संदेश, आणि काही प्रकरणांत विद्रूप करून पसरवलेली छायाचित्रे. तगादा आणि पाठलाग या दोन पायऱ्या ऋणको रचत नाही. त्या वसुली करणारा रचतो. बुद्धांनी अनाथपिंडिक या धनिक उपासकाला गृहस्थाची जी चार सुखे सांगितली, त्यांत कर्ज नसण्याच्या सुखाला संपत्तीच्या आणि तिच्या उपभोगाच्या सुखाबरोबर जागा आहे, आणि निर्दोष वर्तनाचे सुख या तिन्हींच्या वर मानले आहे. कर्जाच्या ॲपची यशस्विता किती कर्जे वाटली यावर मोजली जाते. किती जण कर्जमुक्त होऊन पुन्हा परतले नाहीत, असा आकडा कोणत्याही जाहिरातीत मी पाहिलेला नाही.

सम्यक आजीविकेचा, म्हणजे योग्य मार्गाने पोट भरण्याचा, प्रश्न त्याहून अवघड आहे. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये असे बुद्धवचन आहे. सोलापुरात हे वाचताना विडी डोळ्यांसमोर येते, आणि लगेच हेही लक्षात येते की वचन व्यापार करणाऱ्याला उद्देशून आहे; पोटासाठी विड्या वळणाऱ्या बाईला त्यातून दोषी ठरवणे हा वचनाचा आणि तिचा, दोघांचाही अपमान होईल. हीच कसोटी डिजिटल वित्ताला लावावी. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत वायदे आणि ऑप्शन्स या शेअर बाजारातील जोखमीच्या सौद्यांत उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. शंभरांतील त्र्याण्णव गिऱ्हाईक बुडतात हे ठाऊक असताना त्या धंद्याला चटक लावणारा पडदा, चमकणारी सूचना, ‘शेवटची दहा मिनिटे’ असे खोटे घड्याळ कोणीतरी पगार घेऊन रचतच असते. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या मांडणीचे तेरा प्रकार निषिद्ध ठरवले, त्यांत खोटी निकड हा एक आहे. हे रचणाऱ्यांत इथूनच शिकून पुण्याला, बंगळूरला गेलेली आपली मुलेही असतील. आपण जे बनवतो त्यातून कोणाचे काय होते, हा प्रश्न कामाच्या ठिकाणी विचारण्याचा हक्क त्यांना असला पाहिजे, आणि तसा तो नोकरीच्या नियमांत लिहिलेला असला पाहिजे.

शीख परंपरेतून कष्टाची कमाई, वाटून खाणे आणि सर्वांचे भले ही तत्त्वे नेहमी सांगितली जातात. मंगळवेढ्यात काही काळ राहिलेल्या बसवेश्वरांचे कायक (श्रम हीच पूजा) आणि दासोह (कमाई समाजासाठी वाटणे), किंवा ज्यांच्या नावाने या शहराची गड्ड्याची जत्रा भरते त्या सिद्धरामेश्वरांनी श्रमातून उभारलेला तलाव, यांच्याशी ती इतकी जवळची आहेत की सोलापूरकराला ती परकी वाटणार नाहीत. (लिंगायत विचाराला हिंदू म्हणावे की स्वतंत्र धर्म, हा वाद मी येथे जाणूनबुजून बाजूला ठेवतो.) पंढरपूरच्या नामदेवांची ६१ पदे तर गुरू ग्रंथ साहिबातच आहेत. पण डिजिटल वित्ताला शीख इतिहासातील सर्वांत उपयोगी धडा मला मसंदांच्या प्रकरणात दिसतो. दूरदूरच्या संगतींकडून, म्हणजे शीख भाविकांच्या समुदायांकडून, गुरूंसाठी दसवंध (कमाईचा दहावा हिस्सा) आणि भेटी गोळा करायला मसंद नेमले जात. कालांतराने ते स्वतःच सत्ताधीश बनले, जबरदस्तीने वसुली करू लागले, आलेला पैसा खिशात घालू लागले. गुरू गोविंदसिंगांनी त्यांना उपदेश करून थांबणे पसंत केले नाही. त्यांनी ती संपूर्ण व्यवस्थाच बरखास्त केली आणि संगतीचे गुरूशी थेट नाते जोडले. आजची वित्त कंपनी ‘वसुली आमच्या एजन्सीने केली, आम्हाला कल्पना नव्हती’ असे सांगते तेव्हा या निर्णयाची आठवण व्हावी. मसंदाचे पाप गुरूंनी मसंदावर ढकलून दिले नाही. वसुलीदाराच्या प्रत्येक कृत्याची जबाबदारी धनकोची, आणि तीही कागदोपत्री नव्हे तर दंडाच्या रूपाने, असा अर्थ त्यातून निघतो.

लंगराविषयीही एक गोष्ट. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयचे कौतुक करताना चहाच्या टपरीला आणि मोठ्या मॉलला एकाच पंगतीत बसवणारी व्यवस्था असे म्हटले जाते, आणि ते रास्त आहे. जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून थेट आलेल्या पैशांवर दुकानदारालाही तिच्यासाठी शुल्क पडत नाही. तरी पंगतीचा खर्च कोणीतरी करतोच. लंगराचा खर्च कोण उचलतो हे सर्वांसमोर असते. पैसे पाठवण्याच्या ॲपचा खर्च मात्र काही अंशी सरकारी अनुदानातून आणि काही अंशी त्याच पडद्यावर कर्ज, विमा, सोने विकून निघतो. फुकट जेवणाच्या पानावरच कर्जाचा घास वाढला जातो, आणि तो वेगळा ओळखू येईलच असे नाही.

आपल्याकडे अशा चर्चेत संतांच्या औदार्याचे दाखले हमखास येतात. दुष्काळात कोठारे उघडणारे मंगळवेढ्याचे दामाजीपंत, कर्जखते इंद्रायणीत बुडवणारे तुकोबा. तुकोबांच्या कथेतला एक तपशील मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्यांनी खतांचे दोन वाटे केले, आपल्या वाट्याची बुडवली आणि धाकट्या भावाची, कान्होबाची, त्याला देऊन टाकली. ज्या कुळांची खते कान्होबाकडे गेली, त्यांचे देणे तसेच राहिले. कोणत्याही समाजात तुकोबा एखादाच असणार आणि कान्होबा पुष्कळ, आणि कान्होबाने काही गैर केले असेही कोणी म्हणणार नाही. बहुसंख्य कर्जे कान्होबाच्या हातात असणार हे गृहीत धरूनच नियम करावे लागतात.

धर्मनिरपेक्ष राज्याने धार्मिक मूल्यांवरून कायदे करावेत काय, असा आक्षेप येईल, आणि तो टाळण्यासारखा नाही. ज्या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चारही भाषा बाजारात ऐकू येतात, तिथे नियम मुसलमान शेजाऱ्याला आणि काहीही न मानणाऱ्यालाही पटला पाहिजे. दामदुपट ही तशी पटणारी गोष्ट आहे. ब्रिटनच्या नियामकाने ती कोणत्याही धर्मग्रंथाशिवायच स्वीकारली. परंपरेचे काम कायद्याला अधिकार देणे हे नसून, अशा कायद्याची मागणी करायला लोकांना शब्द आणि बळ देणे हे आहे. भाषेबाबत तर नियम आधीच आहे: कर्जाच्या मुख्य अटींचे पत्रक ऋणकोला समजणाऱ्या भाषेत असावे असे रिझर्व्ह बँक सांगते. पूर्व भागात त्याचा अर्थ तेलुगू असा होतो, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ते पत्रक फोनवर वाचून दाखवणे तंत्राला मुळीच अवघड नाही.

खरी शंका वेगळीच आहे. मर्यादा घातली तर ॲपे गरिबाला कर्ज देणे बंद करतील आणि तो पुन्हा खाजगी सावकाराच्या दारात उभा राहील. ब्रिटनच्या नियामकाने २०१७ मध्ये आढावा घेऊन मर्यादा कायम ठेवली. पण तिथला अनुभव इथे जसाच्या तसा लागू होईल असे मी म्हणणार नाही, कारण तिथे प्रत्येक गल्लीत सावकार नाही. म्हणून मर्यादेबरोबर पुरवठाही उभा करावा लागेल. बचत गटात साधारणपणे महिन्याला शेकडा दोन व्याज असते, आणि ते व्याज गटातच राहून वर्षअखेर बायकांच्याच वाट्याला येते. पतसंस्था आणि नागरी सहकारी बँका यांचे जाळे या जिल्ह्यात जुने आहे. त्यांच्या गैरव्यवहारांचा इतिहासही जुना आहे, पण त्यांचा सभासद वार्षिक सभेत उभा राहून अध्यक्षाला प्रश्न विचारू शकतो. गटाची वही आणि पतसंस्थेची नोंद पतमापनात धरली, तीन-पाच हजारांचे कर्ज याच संस्थांना मोबाइलवरून त्याच दिवशी देता येईल अशी यंत्रणा सरकारी खर्चाने दिली, तर विडी कामगार बाईला वेगासाठी ॲपकडे जावे लागणार नाही. ही यंत्रणा देण्याचे काम राज्याच्या सहकार खात्याला करता येईल. वित्त कंपन्यांवर दुपटीची मर्यादा घालणे मात्र, २०२२ च्या त्या निकालानंतर, रिझर्व्ह बँक किंवा संसद यांच्याच हातात उरले आहे.